आधी गादी वाजू दे

सोमवार, ४ तारीख

ताई,

धाकट्या मावसभावाचा वाकून नमस्कार. वाकलोय म्हणून पाठीत गुद्दा घालायला बघू नकोस, पत्रातून लागत नाही.

मावशीकडून कळलं की तुमच्या नाटकाच्या सरांनी तालमीच्या महिन्यात सगळ्यांचे फोन कपाटात कोंडलेत. म्हणजे आता मला पत्र लिहिणं आलं. शाळेत मास्तरांनी छडीने जे करून घेतलं नाही ते तुमच्या सरांनी कुलपाने करून घेतलं. आमच्या फोम कारखान्याचा टेम्पो आठवड्यातून दोन-तीनदा तुमच्या थिएटरवरून जातो आणि ड्रायव्हर आपला दोस्त आहे, तेव्हा तुझं उत्तर त्याच्याकडेच दे. तो उघडून वाचणार नाही. माझं पत्र उघडलं तरी अक्षर त्याला लागणार नाही.

तर गादी या टेम्पोतून येतेय. मी स्वतः कापलीय. कमरेएवढी जाड आहे. खालचा थर राखाडी, जरा घट्ट, वरचा पिवळा, मऊ. वर रेक्झिनचा अभ्रा आणि दोन्ही बाजूंना जाळीची भोकं, तुझ्या मुठीएवढी. मावशीने मला दम दिलाय, पोरीचं हाड मोडलं तर तुझंही मोडीन म्हणून. म्हणजे नायिका भिंतीवर चढणार, रडणार, खांबामागे जाणार, आणि खांबामागून तिच्या कपड्यांत तू उडी मारणार. टाळी तिला, गुडघे तुझे. असलं काम तूच मिळवू जाणे. पण पहिलंच काम आहे, आणि मावशी गल्लीभर सांगत सुटलीय, तेव्हा नीट मार.

गादीबरोबर एक गंमत पाठवलीय. काय ते सांगणार नाही. फक्त पहिली उडी मारशील तेव्हा सर जवळ उभे असतील असं बघ. आणि काय झालं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
टाचण्या

*

शनिवार, ९ तारीख

टाचण्या,

गादी मिळाली. चांगली आहे. सगळ्यांनी हात लावून बघितली. सर बसले, नायिका बसली, आमचे सुतारकाका तर आडवेच झाले, त्यांना उठवायला दोघं लागले. ही भिंत त्यांनीच बांधलीय, दीड माणूस उंच, वर चढलं की हलते. ते म्हणतात हलत नाही, तुझे पाय हलतात.

तू विचारतोस तसं काही विशेष झालं नाही. कसली गंमत ते मला कळलं नाही. पहिली उडी मारली, सर जवळच होते, बस. शिवणीत थोडं काम होतं ते कपडेपटाच्या शिंप्याकडून करून घेतलं.

तुझं नाव टाचण्या का पडलं ते मी अजून विसरले नाहीये. मास्तरांच्या खुर्चीवर टाचण्या तू ठेवल्यास आणि उठबशा मी काढल्या. तेव्हा गंमत वगैरे पाठवत जाऊ नकोस. इथे मी नवी आहे. सर एकदम शिस्तीचे आहेत, तालमीत कोणी शिंकलं तरी वळून बघतात. आपल्याकडून काही वेडंवाकडं झालं तर परत बोलावतील की नाही कोण जाणे.

आईला सांग, जेवते वेळेवर.

तुझी,
ताई

*

सोमवार, ११ तारीख

ताई,

तुझं पत्र मी उभं-आडवं वाचलं. काही विशेष झालं नाही म्हणजे काय? काहीतरी झालंच पाहिजे. मी इथे टेबलावर बसवून बघितलं होतं, इतकं मस्त झालं होतं की शेजारचा कटिंगवाला जिन्याकडे पळाला. मग तुझ्याकडे का नाही झालं? का झालं आणि तू लपवतेयस? का तू उडीच मारली नाहीस आणि मला थापा मारतेयस? मी गोंधळलोय, ताई. मस्करी करणाऱ्या माणसाला मस्करी पोचली की नाही हे न कळणं म्हणजे शिक्षा असते.

बरं, तुला एक शिकवतो, आज मीही शिकलोय. आमच्याकडे चाचणीच्या बाई आहेत. त्या फोमचा चौकोनी तुकडा यंत्रात ठेवतात आणि वरून लोखंडी पाटा हळूहळू दाबत आणतात. बाजूला कागदावर रेघ उमटते, किती जोर लागला त्याची. मी रोज ती रेघ बघायचो, मला वाटायचं कोणीतरी जिना काढलाय आणि मधेच झोपलंय. आधी थोडी चढते, मग लांबच्या लांब सपाट जाते, मग एकदम भिंतीसारखी उभी. बाईंना विचारलं, मधे सपाट का? त्या म्हणाल्या, फोम म्हणजे काय वाटतं तुला? मी म्हटलं, स्पंज. त्या म्हणाल्या, फोम म्हणजे लाखो बारक्या खोल्या. भिंती कागदाहून पातळ. दाबायला लागलं की आधी भिंती नुसत्या वाकतात, ती पहिली चढण. मग एक मजला बसतो, मग दुसरा, मग तिसरा. मजले बसत असतात तोवर जोर वाढत नाही, तेवढाच राहतो. हे पठार. वरून पडणाऱ्याची सगळी रग त्या पठारावर खर्च होते. सगळ्या खोल्या बसल्या की भिंत भिंतीला टेकते, आणि मग फोम नाही राहत, फरशी होते.

मी विचारलं, रग जाते कुठे? बाईंनी यंत्रातून काढलेला तुकडा माझ्या गालाला लावला. कोमट होता. खोटं नाही सांगत. कितीदा तरी दाबलेला होता म्हणे.

म्हणजे तुझी उडी माझ्या गादीत गेली की गादी गरम होते. थंडीत उड्या जास्त मार.

आता खरं सांग, पहिल्या उडीला काय झालं?

टाचण्या

*

गुरुवार, १४ तारीख

टाचण्या,

पहिल्या उडीचं सोड. मला दुसरंच विचारायचंय. तू बदलून तर नाही ना पाठवलीस गादी? म्हणजे मधल्या मधे कोणी दुसरी आणून ठेवली असेल का? रंग तोच आहे, माप तेच आहे, सुतारकाकांनी डाव्या कोपऱ्यावर सांडलेला डिंकही तिथेच आहे. पण ही ती गादी नाही.

सुरुवातीला छान होती. पडलं की आत जायचं, तिथेच राहायचं. आता पडलं की ती मला परत देते. अगदी फेकते. परवा पडले आणि उजवीकडे उडून सरळ पडद्याच्या दोरांत जाऊन अडकले. काल पाठीवर पडले तर मानेला हिसका बसला. खाली टेकलं असं अजिबात वाटत नाही, आधीच कोणीतरी खालून ढकलतंय असं वाटतं. आणि काही वेळाने सर हाताने दाबून बघतात तर मऊ. सुतारकाका बसून बघतात तर मऊ. मग सगळे माझ्याकडे बघतात.

सर ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझं पडणं बिघडलंय, तू वरूनच अंग आखडून येतेस, भीती बसलीय, होतं असं. मी म्हटलं, भीती नाही बसली. पण रात्रभर विचार केल्यावर मलाही वाटायला लागलंय की बसली असेल. गादी तीच, भिंत तीच, उंची तीच. मग बदललं कोण? मीच ना?

जास्त मऊ फोम मिळतो का बघ. एकदम मऊ. शुक्रवारच्या टेम्पोने दे.

ताई

*

सोमवार, १८ तारीख

ताई,

शुक्रवारी फोम आला नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. दोष माझा नाही, बाईंचा आहे. आणि बाईंचाही नाही. थांब, नीट सांगतो, माझंच डोकं भुसभुशीत झालंय.

तुझं पत्र वाचलं. मला वाटलं मी थर उलटे चिकटवले, पिवळा खाली आणि राखाडी वर. मग आठवलं की उलटे नव्हते. मग वाटलं राखाडी म्हणून दुसराच ठोकळा कापला. उरलेला तुकडा शोधून काढला तर बरोबर होता. मग मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, फोम तुझ्यासारखा नसतो, एकदा सांगितलेलं ऐकतो.

मग मी एकदम मऊ ठोकळा काढला. अंगठा घातला तर कोपरापर्यंत जाईल असा. पॅक करणार तोच बाई आल्या. कोणाला देतोस? ताईला, उडीसाठी. त्यांनी मला हाताला धरून यंत्राशी नेलं आणि तो मऊ तुकडा ठेवला. रेघ निघाली. पठार होतं, पण इतकं खाली की जमिनीला लागलेलं. बाई म्हणाल्या, ताईचं वजन अशा उंचीवरून आलं तर हे सगळे मजले एका दमात बसतील, रग तशीच शिल्लक राहील आणि ती जाईल हाडात. मऊ म्हणजे सुखाचं बसायला. पडायला जरा अडणारं लागतं.

मी म्हटलं, मग जास्त घट्ट देऊ? बाई म्हणाल्या, मग मजले बसणारच नाहीत, ती दगडावरच पडेल. म्हणजे मऊ नको, घट्ट नको, जो दिलाय तोच बरोबर. मग फेकते का? हेही बाईंना विचारलं. त्यांनी आपल्याच फोमचा तुकडा ठेवून पुन्हा दाबला आणि सोडला. पाटा वर गेला, तुकडा मागून सावकाश वर आला, आळसावल्यासारखा. बाई म्हणाल्या, बघ, हा फोम फेकणारातला नाही. घेतो ते सगळं परत देत नाही. फेकतेय ती दुसरीच कुठलीतरी वस्तू आहे.

मी आवारात आपल्या गादीएवढेच थर रचले आणि माडीवरून वाळूचं पोतं टाकलं. पोतं आत गेलं, राहिलं. परत टाकलं, राहिलं. मुकादमाला टाकायची इच्छा होती पण तो तयार झाला नाही.

ताई, फोममध्ये काही नाही. मग मला एक वाईट विचार येतो, की सर म्हणतात ते खरं असेल का. वाईट वाटून घेऊ नकोस. आंब्याच्या झाडावरून तू उडी मारायचीस तेव्हा खाली फोमही नव्हता आणि अंगही आखडत नव्हतं. पण तेव्हा बघायला फक्त मी होतो.

टाचण्या

*

गुरुवार, २१ तारीख

टाचण्या,

तू वाळूचं पोतं टाकलंस, माझ्यावर शेवटचा दगडही टाकलास.

रागावले नाही. तू म्हणालास ते मी आधीच मान्य केलं होतं. काल दोन उड्या मारल्या. पहिलीत गादीने मला कडेला फेकलं, हात खाली गेला, मनगट सुजलंय. दुसरीच्या वेळी भिंतीवर उभी राहिले आणि खाली बघितलं तर पाय निघेनात. खरंच निघेनात. सर खालून म्हणाले, उतर. मी शिडीने उतरले. उडी मारायला ठेवलेली बाई शिडीने उतरते, याच्यावर कोणी हसलंही नाही, सगळे दुसरीकडे बघत होते.

रविवारी पहिला प्रयोग आहे. मीच सरांना सांगितलं की पुतळा टाका. सुतारकाका भुसा भरून पुतळा करतायत, नायिकेची जुनी साडी नेसवणार. शनिवारी रंगीत तालीम झाली की मी घरी यायला निघते. आईला अजून काही बोलू नकोस. गल्लीत काय सांगायचं ते ती ठरवेल.

भीती बसली की बसली. कुठून आली ते कळलं नाही एवढंच. पहिल्या दिवशी जे झालं त्याने बसली असेल. तू विचारत होतास म्हणून सांगते, पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर फार वाईट रीतीने लाजले. त्याहून जास्त विचारू नकोस.

ताई

*

शुक्रवार, २२ तारीख

ताई,

हे पत्र ड्रायव्हरने तुझ्या हातात दिलं की उभ्या उभ्या वाच. बॅग भरत असशील तर खाली ठेव. पुतळ्याला साडी नेसवली असेल तर सोडवायला सांग.

आज काय झालं ते आधी ऐक. तुझं पत्र आल्यावर मी पॅकिंगच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे ठोकळे प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत घालून तोंडं चिकटवून ठेवतात. आम्ही पोरं जेवणाच्या सुट्टीत माळ्यावरून ठोकळ्यांवर उड्या मारतो, पण नेहमी उघड्या ठोकळ्यांवर. आज डोकं जागेवर नव्हतं. समोर जो दिसला त्याच्यावर मारली. तो पिशवीतला होता. त्याने मला असं उडवलं की मी मुकादमाच्या टेबलावर बसलो, चहासकट. मुकादम काय बोलला ते लिहीत नाही, मावशीच्या हाती पत्र पडलं तर.

पण ताई, मला एकदम तुझे शब्द आठवले. खालून कोणीतरी ढकलतंय. मी चाकू घेतला, त्या पिशवीला चिरा दिल्या आणि परत माळ्यावर चढलो. मुकादम खालून काहीतरी मोजत होता, माझे उरलेले दिवस बहुतेक. उडी मारली. फुस्स. आत गेलो आणि राहिलो. तोच ठोकळा.

पळत बाईंकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अरे, तो पिवळा फोम उघड्या खोल्यांचा. एका खोलीतून दुसरीत हवा जाते. मजले बसायचे तर आतली हवा बाहेर पडायला हवी. बारक्या वाटांतून घुसमटत निघताना हवाही रग खाते, निम्मं काम ती करते. वाटच बंद केली तर हवा जाणार कुठे? गादी न राहता फुगा होतो. आणि फुगा जे घेतो ते परत देतो. म्हणूनच अभ्र्याला भोकं ठेवतात. हाताने सावकाश दाबलं तर शिवणीतून हवा हळूहळू निघते, म्हणून सगळ्यांना मऊ लागते. आपटलं की निघायला वेळच मिळत नाही.

मग मी तुझं पहिलं पत्र काढलं. शिवणीत थोडं काम होतं ते शिंप्याकडून करून घेतलं. ताई, भोकं बुजवलीत ना? का बुजवलीत ते मला माहिती आहे. गंमत त्यातच होती. डाव्या बाजूच्या मधल्या भोकात, जाळीच्या मागे, मी फुग्याची पिपाणी बसवली होती. लाल देठाची. तू पडलीस की वाजावी म्हणून. कशासारखी वाजावी ते तुला कळलंच असेल. मला वाटलं सर हसतील, सगळे हसतील, तुझी ओळख होईल. सर शिंकेलाही वळून बघतात हे मला कुठे माहिती होतं. वाजली, तू लाजलीस, आणि आवाज बंद करायला भोकं शिवलीत. तुझं पडणं बिघडलं नाही. मी बिघडवलं.

आत्ता जा आणि टाके काढ. सगळी भोकं, दोन्ही बाजूंची. पिपाणी काढून फेक. आधी वाळूचं पोतं टाकून बघ. पोतं राहिलं तर तू चढ. नाही राहिलं तर घरी ये आणि माझ्यावर पड.

टाचण्या

*

सोमवार, २५ तारीख

टाचण्या,

पत्र शनिवारी सकाळी मिळालं. उभ्यानेच वाचलं. मग शिंप्याची कात्री घेतली. त्याला वाटलं मी पुतळा फाडायला निघालेय, तो मागे मागे धावत आला. भोकं उसवली. आवाज नक्की कुठल्या भोकातून येतो ते कळत नव्हतं म्हणून मी तेव्हा सगळीच बुजवून घेतली होती, वर रेक्झिनची ठिगळं लावून. मधल्या भोकातून तुझी पिपाणी निघाली. लाल देठाची. मी ती मुठीत धरून बराच वेळ तिथेच बसले.

सुतारकाकांकडून पोतं मागितलं. त्यांच्याकडे पुतळाच तयार होता, तो टाकला. आत गेला आणि राहिला. साडीत निजल्यासारखा. मग मी शिडी लावली. सर म्हणाले, कोणी सांगितलंय? मी म्हटलं, कोणी नाही. वर गेल्यावर पाय परत जड झाले, ते एका सकाळीत जात नाही रे. पण या वेळी मला माहिती होतं की खाली काय आहे. पडले. आत गेले. राहिले.

सर म्हणाले, आता आखडली नाहीस. मी कोणालाच काही बोलले नाही. पुतळा गेला पेटाऱ्यात.

रविवारचा प्रयोग झाला. टाळी नायिकेला. गुडघे माझे, आणि शाबूत.

तुझ्याशी मी बोलत नाहीये. हे पत्र फक्त कळवण्यापुरतं आहे.

ताई

*

गुरुवार, २८ तारीख

ताई,

बोलत नसलेल्या माणसाने एवढं लांब पत्र लिहिलं याबद्दल आभारी आहे.

मुकादमाने मला चाचणीच्या खोलीत टाकलंय. शिक्षा म्हणून. त्याला वाटतं तिथे उड्या मारायला जागा नाही. बाई मला रेघा वाचायला शिकवतायत. काल एकसारखेच दिसणारे दोन तुकडे देऊन म्हणाल्या, कुठला नवा? मी दोन्ही दाबले, मला सारखेच लागले. यंत्राने मात्र लगेच ओळखलं. एकाचं पठार खचलेलं होतं, रोज कोणीतरी त्याच्यावर बसत होतं. तो मुकादमाच्या खुर्चीतला होता. तेव्हा तुमच्या सुतारकाकांना त्या गादीवर लोळू देऊ नकोस. तू जिथे पडतेस नेमक्या तिथेच ते लोळत असणार.

मी माफी मागणार होतो, पण लिहायला बसलो की हातून काहीतरी भलतंच लिहिलं जातं. तू समजून घे. पिपाणी फेकलीस ना?

टाचण्या

*

शनिवार, ३० तारीख

टाचण्या,

फेकली नाही. ती कामाला लागलीय.

बुधवारी दुसरा प्रयोग होता. मी खांबामागे उभी, खाली अंधार, आणि मनात एकच, भोकं उघडी आहेत ना. मी दुपारी बघितली होती. पण म्हणून काय झालं? अंधारात वरून काय दिसणार? शेवटी सुतारकाकांना खूण केली, बघा म्हणून. ते वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. सामान हलवणाऱ्यांनी दुसऱ्या अंकाचा लाकडी दरवाजा नेमका गादीला टेकवून ठेवला होता. डाव्या बाजूची सगळी भोकं बंद. काकांनी एकट्याने तो ओढून काढला, मग मी पडले.

खोलीवर येऊन विचार केला, आणि दुसऱ्याच दिवशी ती पिपाणी परत बसवली. मधल्या भोकात नाही, तिथे ती वाटेत येते. बाजूला शिंप्याकडून एक बारीक भोक जास्त करून घेतलं. आता तिसऱ्या अंकाआधी पडदा पडलेला असतानाच, मी शिडीला हात लावायच्या आधी, सुतारकाका गादीवर दणकन बसतात. वाजली तर मी चढते. नाही वाजली तर कोणीतरी काहीतरी टेकवून ठेवलंय. मग काका पिपाणी काढून खिशात टाकतात, कारण तिसऱ्या अंकात नायिका मरतेय आणि खालून असला आवाज आला तर प्रेक्षक आम्हालाच मारतील. त्यांनी आता लोळणंही सोडलंय. म्हणतात, दिवसातून एकदाच बसायचं, पण मानाने.

सरांनी विचारलं ही कल्पना कोणाची. मी म्हटलं, माझी. तुला राग येऊ दे. उठबशा मी काढल्या होत्या.

आणि तू इतके दिवस विचारतोयस ते आता सांगते, पहिल्या उडीला काय झालं. सर सगळ्यांना गोल उभं करून शांततेवर बोलत होते. म्हणाले, ही उडी म्हणजे नाटकातली सगळ्यात शांत जागा, इथे टाचणी पडली तरी ऐकू यायला हवी. मी वरून उडी मारली. आणि तुझी पिपाणी वाजली. छोटी नाही रे, लांबलचक, माझं बुड टेकल्यापासून मी पूर्ण आत जाईपर्यंत, शेवटी जरा वर चढून. मी त्या खड्ड्यात डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं आता उठायचंच नाही, इथेच राहायचं. सर सावकाश वळले.

तेव्हा सुतारकाका, जे गादीपासून चांगले लांब उभे होते, त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माफ करा सर, सकाळपासून माझं पोट ठीक नाही."

सरांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की त्या दिवशीचा आवाज माझा नव्हता. आता ते दणकन बसतात, पिपाणी वाजते, आणि ते वर बघून मला हाताने खूण करतात, चढ.

ताई